चार बाय पाचची मोरी : थोड्या पैशांत, आपल्या हातांनी

नगर-मनमाड रस्त्याने शहराबाहेर निघाले की नागापूरची औद्योगिक वसाहत लागते. एम.आय.डी.सी.तल्या कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांनी नागापूर, बोल्हेगावच्या बाजूला आधी भाड्याच्या खोल्या घेतल्या. पुढे ज्याला जमले त्याने जागेचा तुकडा घेऊन दोन खोल्या बांधल्या. भिंती उभ्या राहिल्या, वर स्लॅब किंवा पत्रा पडला, समोरच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली. मोरीचे काम निघेपर्यंत मात्र हातातला पैसा संपला. मग तिथे चार शहाबादी फरश्या टाकल्या, एक नळ काढला, दाराला पडदा लावला आणि "बोनस मिळाला की करू" असे म्हणून ते काम तसेच राहिले. असे बोनस किती आले आणि गेले!

या मोरीचा त्रास कुणाला होतो? कारखान्यातला माणूस सकाळी दहा मिनिटांत अंघोळ करून पाळीवर जातो. घरातली बाई मात्र तिथे दिवसाचे दोन-तीन तास काढते. धुणे तिथेच, भांडी तिथेच, लेकरांना न्हाऊ घालणे तिथेच. पोरगी वयात आली की तिला पडद्याआड अंघोळ करण्याचा संकोच वाटतो. म्हातारीचा पाय शेवाळावरून सरकला तर खुब्याचे हाड मोडते आणि घर महिनोन् महिने दवाखान्याला बांधले जाते. म्हणून आमचे म्हणणे असे की, घरातली मोरी ही पैसे उरले तर करायची गोष्ट नाही. रंग आणि फर्निचर मागे ठेवा, मोरी आधी करा.

तथागतांनीही याचा विचार केला होता

न्हाणीघराचा विचार ही पैसेवाल्यांची चैन आहे, असे कुणाला वाटत असेल तर त्याने विनयपिटकातला चुल्लवग्ग पाहावा. वैशालीत भिक्खूंच्या तब्येती बिघडू लागल्या, तेव्हा वैद्य जीवकाने तथागतांना दोन गोष्टी सुचविल्या. एक चंक्रमणाची, म्हणजे फेऱ्या मारण्याची जागा आणि दुसरी जंताघर, म्हणजे गरम न्हाणीघर. तथागतांनी दोन्हींना परवानगी दिली. पुढे एकेक अडचण समोर आली तसतशी सुधारणा होत गेली. जमिनीवर चिखल होऊ लागला तेव्हा विटा, दगड किंवा लाकडाची जमीन करण्यास परवानगी मिळाली. पाणी साचू लागले तेव्हा ते बाहेर काढणारी मोरी आली. धूर कोंडू लागला तेव्हा धुराडे आले. जमीन कोरडी कशी राहील, पाणी कुठे जाईल आणि हवा कशी खेळेल, हे तीन प्रश्न आजचा जाणता गवंडीही विचारतो.

आपल्या समाजाला तर पाण्याचे मोल कुणी सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला तो माणुसकीच्या हक्कासाठी. स्वतः बाबासाहेब आणि माता रमाई यांनी परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत संसार केला. चाळीचे जिणे कसे असते हे त्यांना चांगले ठाऊक होते. आज आपल्या घरात नळ आहे. त्या नळाखालची जागा नीटनेटकी, कोरडी आणि लाज राखणारी असावी, एवढे तरी आपण करू शकतो.

आधी टेप घ्या, मग पाकीट उघडा

दुकानात जाण्यापूर्वी मोरी मोजा. आपण चार फूट रुंद आणि पाच फूट लांब अशी मोरी धरू. खालची जमीन २० चौरस फूट झाली. चारही भिंतींची लांबी मिळून १८ फूट. टाइल्स चार फुटांपर्यंतच लावल्या तर ७२ चौरस फूट होतात. त्यातून अडीच फुटी दाराचे १० वजा केले की राहिले ६२. तुटफुटीसाठी दहा टक्के वाढवले की साधारण ६८ चौरस फूट. १२ बाय १८ इंचाची एक टाइल दीड चौरस फुटाची असते, म्हणजे ४६ टाइल्स पुरतात.

त्याच टाइल्स सात फुटांपर्यंत चढवल्या तर १०८ चौरस फूट आणि तुटफूट वेगळी. आपण बादलीने बसून अंघोळ करतो, त्यामुळे पाणी उडते ते तीन-चार फुटांपर्यंत. वरच्या भागाला चुना किंवा सिमेंटचा रंग चालतो. उभ्याने शॉवर घ्यायचा असेल तर फक्त त्या एका भिंतीवर सहा फुटांपर्यंत टाइल्स न्या.

एवढ्या कामाला दोन गोण्या सिमेंट आणि सात-आठ घनफूट वाळू पुरते. हिशेब कागदावर लिहून दुकानात गेलात तर दुकानदार जास्तीचा माल गळ्यात मारू शकत नाही.

पाणी जाते कुठे ते पाहा

जमीन कोरडी नसेल तर भारीतली टाइलही वाया. जमिनीवर एक तांब्या पाणी ओता आणि पाहत राहा. पाणी सरळ जाळीकडे गेले तर उतार बरोबर आहे. कोपऱ्यात थबकले तर तिथे खड्डा आहे. उताराचा सोपा हिशेब म्हणजे फुटाला पाव इंच. चार फुटांच्या मोरीत एका टोकापासून जाळीपर्यंत एक इंच उतार हवा. त्याहून कमी ठेवला तर पाणी साचते, फार जास्त ठेवला तर पाय घसरतो. लेव्हल पाहायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरते. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहते, त्यावरून दोन्हीकडे खूण करून घ्या.

जाळीखाली ट्रॅप आहे का, हेही पाहा. ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी नेहमी उभे राहते आणि ते गटाराचा वास व झुरळे वर येऊ देत नाही. अनेक जुन्या घरांत ट्रॅप नसून पाईप सरळ गटारात सोडलेला असतो. दुर्गंधीचे खरे कारण तेच असते. फिनाईल कितीही ओतले तरी तो वास जात नाही. जमीन उकरणारच असाल तर ट्रॅप आधी बसवून घ्या. बसवलेला ट्रॅप आठवड्यातून एकदा जाळी काढून केस व साबणाचा गाळ काढून स्वच्छ करावा.

ओल थांबवल्याशिवाय टाइल नको

भिंतीच्या पलीकडे पोपडे सुटत असतील तर पाणी सांध्यांतून आत जाते आहे असे समजा. त्यावर नुसती नवी टाइल चिकटवली तर ओल झाकली जाते, थांबत नाही. क्रम असा ठेवावा.

पहिले, जुनी सैल फरशी व पोकळ गिलावा छिन्नी-हातोड्याने काढा. ठोकून पाहिले की पोकळ जागेचा आवाज वेगळा येतो. हे काम घरचे माणूस सुटीच्या दिवशी करू शकते, फक्त डोळ्याला चष्मा आणि तोंडाला फडके बांधा. भिंतीत विजेची वायर किंवा नळाचा पाईप कुठून गेला आहे ते आधी माहीत करून घ्या आणि मेन स्विच बंद ठेवा.

दुसरे, जमीन आणि भिंत जिथे मिळतात त्या सांध्यात सिमेंट-वाळूच्या मालाने गोलाई भरून घ्या. काटकोनी कोपऱ्यात भेगा लवकर पडतात. पाईप जिथून भिंतीत शिरतो त्याभोवतीची फट नीट बुजवा.

तिसरे, वॉटरप्रूफिंगचे द्रव्य सिमेंटमध्ये डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळून जमिनीवर आणि भिंतीवर एक फूट उंचीपर्यंत ब्रशने दोन हात द्या. पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा.

चौथे, परीक्षा घ्या. लेप पूर्ण वाळल्यावर ट्रॅपच्या तोंडात फडक्याचा बोळा घट्ट बसवा, जमिनीवर इंचभर पाणी भरा आणि एक दिवस-रात्र तसेच ठेवा. पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने रेघ मारा. पाणी रेघेच्या बरेच खाली गेले किंवा बाहेरची भिंत ओली झाली, तर टाइल लावू नका. गळती शोधा. या परीक्षेला पैसा लागत नाही. ती टाळली तर सगळे काम दुसऱ्यांदा करावे लागते.

फरशी : चकचकीत नको, खरखरीत हवी

जमिनीसाठी गुळगुळीत, चकाकणारी टाइल कधीही घेऊ नका. साबणाच्या पाण्यात तीच घात करते. खरखरीत पृष्ठभागाची, आकाराने लहान टाइल घ्या. लहान टाइलला सांधे जास्त असतात, त्यामुळे पाय धरून राहतो आणि उतारही नीट देता येतो. शहाबादी फरशी टणक असेल तर ती काढण्याचीही गरज नाही. नुसते सांधे खरवडून नव्याने भरले तरी पुष्कळ फरक पडतो.

स्वस्तात टाइल हवी तर दुकानदाराला उरलेला माल दाखवायला सांगा. एखाद्या मोठ्या बांधकामातून राहिलेले चार-सहा खोके पडून असतात आणि ते तो कमी भावात देतो. आपली मोरी लहान आहे, हाच इथे फायदा. दोन रंगांचे खोके मिळाले तर एक रंग खाली, दुसरा वर लावा. तुटक्या टाइल्सचे तुकडे गच्चीवर बसवतात तसे मोरीच्या भिंतीच्या एखाद्या पट्ट्यातही बसवता येतात. त्यांच्या कडा धारदार असतात म्हणून जमिनीवर व हात लागेल तिथे ते लावू नयेत.

भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइल्स सिमेंटने लावण्यापूर्वी काही तास पाण्यात भिजत ठेवाव्यात. कोरडी टाइल सिमेंटमधले पाणी ओढून घेते आणि नंतर सुटते. टाइलमागे माल पूर्ण भरावा, नुसते चार गोळे लावू नयेत. सांधे दुसऱ्या दिवशी भरावेत. हे सांधे भरण्याचे काम घरच्या बाया-पोरी फार सफाईने करतात, त्याला गवंड्याची मजुरी लागत नाही. कोपऱ्यात साबण-तेल ठेवायला कडप्प्याच्या दुकानातून उरलेले त्रिकोणी तुकडे आणावेत. भिंत उघडी असतानाच ते तिच्यात रोवून घेतले की जन्मभर हलत नाहीत.

पाण्याचे पिंप

नगर शहराला मुळा धरणाचे पाणी येते. तरी ते साठवून ठेवावे लागते, हे प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक आहे. २०० लिटरचे पिंप मोरीत ठेवले तर ते दोन फूट बाय दोन फूट जागा अडवते. २० चौरस फुटांतली चार गेली, म्हणजे पाचवा हिस्सा! शक्य असेल तर पिंप मोरीबाहेर दोन-अडीच फूट उंचीच्या पक्क्या ओट्यावर ठेवा आणि त्याला तोटी बसवून नळी आत घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे विसरू नका. २०० लिटरचे पिंप भरले की दोन माणसांहून जास्त भार होतो. पत्र्यावर किंवा भिंतीतल्या फळीवर टाकी कधीही ठेवू नये, ती पक्क्या स्लॅबवरच हवी.

साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो. पिंपाला घट्ट झाकण किंवा कापड बांधा आणि आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामे करून, आतून घासून, वाळवून मगच भरा. गळणाऱ्या तोटीचा वायसर बदलणे हे पाच मिनिटांचे काम आहे. मेन कॉक बंद करा, पान्याने तोटीचा वरचा भाग खोला, जुना वायसर दुकानात नेऊन त्याच मापाचा आणा. आट्यांवर पांढरी टेप आटा फिरतो त्याच दिशेने गुंडाळावी, उलटी गुंडाळली तर ती सुटते.

हवा, वीज आणि गॅस : इथे काटकसर नको

मोरीला वरच्या बाजूला निदान फूटभर लांबीची जाळी किंवा काचेच्या पट्ट्यांची खिडकी हवी. पत्रा असेल तर त्यात एक पारदर्शक पत्रा बसवावा, दिवसा दिवा लावावा लागत नाही. ऊन आणि वारा आला की बुरशी धरत नाही.

आता जिवाची गोष्ट. गॅसचा गिझर बंद मोरीत बसवू नका. गॅस जळताना हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस गुंगीत जातो आणि आतून कडी लावलेली असल्याने बाहेरच्यांना कळतही नाही. गिझर बाहेर मोकळ्या हवेत लावा आणि गरम पाणी पाईपने आत घ्या. कोळशाची शेगडी आणि बंबालाही हाच नियम.

पाणी तापवायचा विजेचा रॉड वापरत असाल तर बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला बोट लावू नये. लेकरे आसपास असताना तो लावूच नये. मोरीचे बटण दाराबाहेर असावे, घराला अर्थिंग असावे आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र, ज्याला ई.एल.सी.बी. किंवा आर.सी.सी.बी. म्हणतात, ते बसवून घ्यावे. हे काम परवानाधारक वायरमनचे आहे. बाकी सगळे स्वतः करा, पण वीज आणि गॅस स्वतः करू नका.

म्हाताऱ्यांसाठी दांडी, कडी आणि दार

जुलाबाने स्वतःच्या घाणीत पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातले आणि आजाऱ्याची सेवा करा असा उपदेश दिला, ही गोष्ट विनयात आहे. आपल्या घरातल्या आई-वडिलांसाठी आपण निदान एक दांडी लावू शकतो. सुमारे पावणेतीन ते तीन फूट उंचीवर जाड पाईपची दांडी लावा. ती नुसत्या गिलाव्यात न ठोकता आतल्या विटेपर्यंत जाणाऱ्या बोल्टने पक्की करा आणि स्वतः सगळा भार टाकून पाहा. बसायला रुंद पायांचे स्टूल द्या.

दार शक्यतो बाहेर उघडणारे करा. आत माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते. कडी गरज पडल्यास बाहेरून उघडता येईल अशी निवडा. लाकडी दार खालून कुजले असेल तर नवे घेण्याची घाई नको. कुजका भाग कापून खालच्या फूटभर भागाला दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमचा पत्रा मारला की ते आणखी काही वर्षे टिकते. पडदा मात्र आता काढा. वयात आलेल्या मुलीला कडी लावता येईल असे दार हवेच.

अॅसिडची बाटली दूर ठेवा

बोअरच्या जड पाण्याने टाइल्सवर पांढरे डाग पडतात. ते लिंबूफुलाच्या पाण्याने किंवा व्हिनेगरने निघतात. शहाबाद आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड आहेत, त्यांवर आंबट काहीही टाकू नये. दगड खाल्ला जातो. तिथे धुण्याचा सोडा आणि ब्रश बरा. अॅसिडने सांध्यांतले सिमेंट झिजते, म्हणजे पुन्हा ओल आली. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झाली तर क्लोरीनचा विषारी धूर निघतो, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी कधीही वापरू नयेत.

भाड्याच्या खोलीत काय करावे?

घर आपले नसेल तर तोडफोड न करता करण्यासारखे पुष्कळ आहे. सांधे खरवडून भरणे, वायसर बदलणे, जाळी बदलणे, भिंतीचा वरचा भाग चुन्याने रंगवणे, पाय न सरकणारी रबरी चटई टाकणे. ओलीचा दोष घरमालकाच्या कानावर घाला आणि खर्च भाड्यातून वळता होणार असेल तर तसे चार ओळींत लिहून घ्या. ज्यांना अजून पक्के घर नाही, त्यांनी अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी असलेल्या रमाई आवास योजनेची चौकशी गावात पंचायत समितीकडे, शहरात महापालिकेकडे करावी.

कामाची वेळ आणि गवंड्याची मजुरी

आपल्याकडे १४ एप्रिलच्या जयंतीआधी घर रंगवण्याची रीत आहे. रंगाला तो काळ उत्तम. सिमेंटचे काम मात्र सात दिवस पाणी मारून ओले ठेवावे लागते आणि एप्रिलमध्ये पाण्याचीच ओढ असते. तेव्हा मोरीचे काम धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर, दिवाळीचा बोनस हाती आला की काढावे. तोवर महिन्याला एक वस्तू घ्यावी. या महिन्यात ट्रॅप व जाळी, पुढच्या महिन्यात टाइल्स. व्याजाने पैसे काढून मोरी करू नये.

उकरणे, माल वाहणे, सांधे भरणे आणि रंग घरच्यांनी केला तर गवंड्याचे काम मोजक्या दिवसांत आटोपते. आपल्यातच कितीतरी गवंडी आणि बिगारी आहेत. त्यांना घासाघीस न करता ठरलेला रोज संध्याकाळी हातावर द्या. तो पैसा समाजातच राहतो.

आणखी एक. मोरीला जोडून संडास असेल आणि सेप्टिक टँक भरला असेल तर यंत्राची गाडी बोलवा. टाकीत माणूस उतरवू नका, मग तो कितीही तयार असो आणि कितीही स्वस्तात मिळो. त्या टाकीतल्या वायूने गुदमरून मरणारी माणसे बहुतेक आपलीच असतात. २०१३ च्या कायद्याने असे जीवघेणे काम करून घेणे हा गुन्हा ठरवला आहे. कायदा नसता तरी आपण ते केले नसते. आपल्या मोरीची स्वच्छता दुसऱ्याच्या अंगावर घाण टाकून येता कामा नये.

येत्या सुटीच्या दिवशी टेप आणि पेन्सिल घ्या, घरातल्या बाईला सोबत घ्या आणि मोरी मोजा. नळ कुठे हवा, धुण्याचा दगड कुठे हवा, हे तिलाच विचारा. दिवसाचे तीन तास तिथे तीच असते.

जयभीम!